डाव्या दिव्याचं भांडण

पप्पा, तुम्हाला पुणतांब्याच्या मातीत ठेवून आलो त्याला अजून आठवडा झाला नाही, आणि लोकांनी गाडीचा विषय काढलासुद्धा. काल तुमचे गावाकडचे चुलतभाऊ भेटायला आले होते. चहाची बशी तोंडाला लावता लावता म्हणाले, "मास्तर गेले. आता त्या फियाटला कोन बघनार? इकून टाका. सूनबाईंनी बी लई नोकरी केली, आता घर बघावं." मी कप उचलले आणि आत निघून गेले. थांबले असते तर दोन शब्द ऐकवले असते. तुम्ही असता तर हळूच म्हणाला असता, "सिस्टर, दुखवट्यात इंजेक्शन द्यायचं नसतं."

आत गेले ती तशीच मागच्या दारानं अंगणात. गाडी तिथंच आहे, तुम्ही लावायचा तशी, तोंड गल्लीकडे करून. डाव्या दिव्याच्या काचेवर आतून पुन्हा धुरकट साय धरलीय. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि तुमच्याशी भांडायला लागले. मनात नाही, चांगली मोठ्यानं. समोरच्या काकूंनी खिडकीतून डोकावलं आणि पडदा ओढून घेतला. वाटलं असेल, बाई बिथरली. बिथरले नाही पप्पा. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही खुशाल निघून गेलात, म्हणून चिडलेय.

पाळकसाहेब तुमच्याबद्दल चांगलं बोलले. शिस्तीचे शिक्षक, मंडळीचे पंच, प्रार्थनेला कधी न चुकणारे. सगळं खरं आहे. पण ते ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे कुणा दुसऱ्याच मास्तरांबद्दल चाललंय. माझे पप्पा म्हणजे शनिवारी दुपारी अंगणात गोणपाटावर बसलेले, चष्मा कपाळावर, मांडीवर गाडीचा दिवा उघडून ठेवलेला, आणि तोंडानं, "सुमन, रिठ्याचं पाणी आण. गार नको, कोमट." त्या पप्पांबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही.

माझी बदली झाली तो दिवस आठवतो? नगर-दौंड रस्त्यावरचं गाव, विसापूरच्या अलीकडचं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक लिंबाचं झाड. सकाळी जायला एसटी होती. संध्याकाळची मात्र आली तर आली. त्यात बाळंतपणं काही आपली वेळ बघून येत नाहीत. दोनदा मी ट्रकमधून घरी आले आणि तुमच्या चिरंजिवांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, जेवताना ताट बाजूला सारलं. "नोकरी सोड. तुझ्या नोकरीवाचून काही अडलं नाही आपलं." त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. नागापूरच्या कारखान्यातून दमून यायचं आणि बायकोची वाट बघत ओट्यावर बसायचं, कुणाला आवडेल? पण मला ती नोकरी हवी होती पप्पा. त्या गावात बाया मला हाताला धरून घरात न्यायच्या. घरी मी कुणाची सून होते, कुणाची बायको होते. तिथं मी मी होते. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही रेडिओला कान लावून बसला होता. मला वाटलं, जेवतानाचं आमचं बोलणं तुम्ही ऐकलंच नाही.

आणि मग एका सकाळी दारात भोंगा. बघते तर पिकल्या पेरूच्या रंगाची जुनी फियाट, आणि स्टिअरिंगवर तुम्ही, टोपी घालून, गंभीर चेहऱ्यानं. "ही कुणाची?" मी विचारलं. "सिस्टरची," तुम्ही म्हणालात. गावातल्या बाया मला सिस्टर म्हणायच्या, ते तुम्ही तेवढं बरोबर उचललंत. त्या दिवसापासून घरात मी सुमन आणि गाडीत सिस्टर. ह्यांनी दारात उभं राहून गाडी बघितली, स्कूटरला किक मारली आणि कामावर गेले.

भिंगारच्या पलीकडच्या माळावर तुम्ही मला शिकवलंत. तरुणपणी मिशनच्या दवाखान्याची जीप चालवल्याची ऐट होती तुम्हाला. मी क्लच सोडला की गाडी बकरीसारखी उडायची आणि तुम्ही डोळे मिटून म्हणायचा, "प्रभू, हिला क्षमा कर, ही काय करते हे हिला समजत नाही." मी चिडायचे. वरून शेळ्या राखणारी म्हातारी ओरडायची, "मास्तर, पोरगी मारनार की वो तुमाला!" तुम्ही तिला हात करायचा. इतकं शिकवलंत, पण शेवटपर्यंत "छान चालवतेस" एवढं काही तुमच्या तोंडून निघालं नाही. फार तर "हं." त्या "हं"वर मी कैक वर्षं काढली.

दिव्यांचं लक्षात आलं ते पहिल्या थंडीत. दिवस लवकर मावळायला लागला. दवाखान्यातून निघेपर्यंत अंधारून यायचं, आणि गाडीचे दिवे असे की दिवे लागलेत का हे बघायला मला खाली उतरावं लागायचं. काचा आतून मळलेल्या, कडेचं रबर कुजलेलं, त्यातून धूळ आणि दमट हवा जाऊन पार ताक झालेलं. ह्यांना कळलं असतं तर नोकरीचं पुन्हा निघालं असतं, म्हणून मी फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हात्तिच्या! काच तर आहे. काच पुसायला काय विलायतेहून माणूस आणायचा?"

तिथून आपले शनिवार सुरू झाले. दिव्याची चकचकीत कडी पेचकसानं उचकटायची, काच अलगद सोडवायची, रिठ्याच्या पाण्यात धुवायची, उन्हात ताटावर पालथी घालायची. मग कोरडं दंतमंजन, मऊ धोतराचा तुकडा, आणि गोल गोल गोल. शेवटी जुन्या पेपरचा बोळा. सायकलच्या ट्यूबमधून तुम्ही नवीन रबर कापायचा, वर्तुळ कसं एकदम कंपासनं काढल्यासारखं. मला कधी कापू दिलं नाहीत. "तुझं वाकडं जाईल." मी म्हणायचे, "टाके सरळ घालते मी बायांना." तुम्ही म्हणायचा, "बाया दमट हवा आत घेत नाहीत." कपाळ!

काचा लखलखीत झाल्या तरी उजेड पडेना. दिव्याच्या आत ती रुपेरी वाटी असते, मेकॅनिक तिला रिफ्लेक्टर म्हणतात, ती काळवंडलेली होती. डावी जास्त. मी म्हटलं, "पप्पा, तिला हात लावू नका. गॅरेजवाला म्हणाला, बोटसुद्धा लावायचं नाही." तुम्ही चष्मा खाली घेतलात. "चांदी मला शिकवू नकोस. प्रभुभोजनाचा प्याला इतकी वर्षं कोण घासतंय?" तेही खरंच होतं. नाताळ असो की साधा रविवार, मंडळीचा तो चांदीचा प्याला तुम्हीच घरी आणायचा आणि खडूची पूड नि लिंबू लावून आरशासारखा करायचा. तर तुम्ही तीच खडूची पूड घेतलीत, तेच लिंबू, आणि बसलात डावी वाटी घासायला. फडकं काळं झालं. तुम्ही ते फडकं वर धरून मला दाखवलंत, डोळे काय चमकत होते तुमचे! "बघ! बघ किती मळ निघतोय!"

तो मळ नव्हता पप्पा. ती चांदी होती.

प्याला आतून-बाहेरून चांदीचा. वाटीला चांदीचा नुसता हात फिरवलेला, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. तो तुम्ही पुसून फडक्यावर घेतलात आणि खाली निघाला निव्वळ पत्रा, पावडरच्या डब्याच्या झाकणासारखा. तुम्ही वाटी फिरवून फिरवून बघितलीत. लिंबाची फोड खाली ठेवलीत. जेवायला बसलात, पण भाकरी मोडून तशीच ठेवली. रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी प्याला तुमच्या हातात आला तेव्हा तुम्ही खाली बघत होता. बाकीच्यांना वाटलं, मास्तर किती भक्तीत आहेत. मला हसू दाबता दाबता ठसका लागला, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण तुमच्या कानाची पाळी लाल झाली होती.

ह्यांना कळलंच. "नवीन बसवून आणा ना, कशाला हे उद्योग?" त्यांचं म्हणणं सरळ होतं. पण तुम्ही हट्टाला पेटलात. माझ्या हातानं बिघडलं, माझ्याच हातानं नीट होईल. दोनचार दिवस नुसते कपाटं उघडत फिरत होता. मग नाताळच्या बर्फीवर लावायला आणलेला वर्ख सापडला तुम्हाला, डब्यात, कागदाच्या घड्यांमध्ये. "सुमन, ही चांदीच आहे ना?" मी म्हटलं, "पप्पा, तो खायचा असतो." "गाडीला पण काहीतरी गोड लागेलच की," तुम्ही म्हणालात. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसलात.

ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पंखा बंद, खिडक्या बंद, दाराला कडी. वाटीला पातळ व्हर्निशचा हात दिलेला, तो चिकटसर होईपर्यंत आपण दोघं तिच्याकडे बघत बसलेलो. मग तुम्ही वर्खाचं पान उचललंत आणि नुसत्या श्वासानं ते उडून तुमच्या मिशीवर बसलं. दुसरं माझ्या कपाळावर. "श्वास सोडू नकोस!" तुम्ही दटावलंत, आणि ते दटावतानाच तिसरं उडालं. आपण दोघं गाल फुगवून, घामानं निथळत, एकमेकांकडे न बघता पान पान बसवत होतो, कापसाच्या बोळ्यानं दाबत होतो. शेवटचं पान बसलं आणि आपण एकदम श्वास सोडला, आणि मग जे हसलो पप्पा! तुमच्या भुवईला चांदी, मिशीला चांदी. ह्यांनी बाहेरून कडी वाजवली, "काय चाललंय आत?" तुम्ही ओरडलात, "बर्फी!" तेव्हापासून डावा तो बर्फीचा दिवा. त्याचा उजेड उजव्यापेक्षा थोडा मवाळ, दुधी. पण उजेड होता.

मग आला दिवे लावून बघायचा कार्यक्रम. समोरच्या काकूंची भिंत, गाडी तिच्याकडे तोंड करून, संध्याकाळ उतरली की दिवे लावायचे, आणि उजेडाचा मध्य कुठं पडतो तिथं तुम्ही खडूनं फुली मारायची, सरळ, एक उभी रेघ एक आडवी. तुम्ही गणिताचे मास्तर, तुमच्या दृष्टीनं ते अधिकचं चिन्ह. पण काकू तेव्हा नव्यानं राहायला आलेल्या. सकाळी दार उघडून बघतात तर भिंतीवर दोन ठसठशीत क्रूस! त्या थेट आपल्या ओट्यावर. "मास्तर, तुमचा धर्म तुमच्यापाशी, आमची ना नाही. पण माझ्या भिंतीला कशाला बाटवताय?" तुम्ही इतके गोंधळलात की तोंडातून "बेरीज आहे हो ती, बेरीज!" एवढंच निघालं. काकू म्हणाल्या, "कसली बेरीज? कुणाची?" शेवटी मी त्यांना गाडीत बसवून दिवा लावून दाखवला. तेव्हापासून तुम्ही फुलीऐवजी गोल काढायचा आणि काकू शनिवारी आठवणीनं भिंतीपुढची सायकल हलवून ठेवायच्या. तुम्ही गेलात त्या दिवशी आमची चूल त्यांनीच सांभाळली.

आपलं भांडण त्या भिंतीपासूनच सुरू झालं. उजवा दिवा तुम्ही वळवलात रस्त्याच्या मध्यावर, ठीक. डावा मात्र चांगला डावीकडे सरकवलात, वर थोडा उचललात. मी म्हटलं, "पप्पा, हा दिवा बाभळींना दाखवायचाय का?" तुम्ही म्हणालात, "कडेला." "कडेला काय आहे?" "कड आहे." झालं, एवढंच. मास्तरकीची ही खोड, उत्तर दिलं म्हणून समजायचं.

मला रस्ता हवा होता. दौंड रस्त्याचे खड्डे तुम्हाला काय सांगायचे! दोन्ही दिवे मध्ये असते तर खड्डा दहा हात आधी दिसला असता. तुमच्या त्या बर्फीच्या दिव्यात मला काय दिसायचं, तर बाभळी, मैलाचे दगड, बसलेली कुत्री. मी दर शनिवारी म्हणायचे, "डावा खाली घ्या, आत घ्या." तुम्ही पेचकस खिशात ठेवायचा. एकदा तर खरोखरच चाक खड्ड्यात गेलं, रिम वाकली, मी स्टेपनी बदलून चिखलानं भरलेली घरी आले आणि दारातूनच सुरू केलं, "बघा! तुमच्या दिव्यानं बाभळी दाखवल्या आणि खड्डा लपवला!" तुम्ही माझ्या हातातली पिशवी घेतलीत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "चाक बदलता येतं, सिस्टर."

माझा राग गेला नव्हता. मग जेवण झाल्यावर, मी भांडी आवरत असताना, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसलात आणि आपणहून सांगितलंत. नोकरीच्या सुरुवातीला तुम्ही एका खेड्यातून शाळेला चालत जायचा-यायचा. संध्याकाळी परतताना एक ट्रक आला. तुम्ही कडेला होता, अगदी कडेला, आणि तरी तो तुमच्यावर आला. तुम्ही चरात उडी मारलीत. चष्मा फुटला, खांदा उतरला. "त्याला रस्ता चांगला दिसत होता," तुम्ही म्हणालात. "मी दिसलो नाही." मग उठून हात धुतलेत आणि झोपायला गेलात. हे आईंना, तुमच्या बायकोला, तुम्ही कधी सांगितलं होतं का कुणास ठाऊक. मला सांगितलंत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. मी काय केलं, तर पुढच्या शनिवारी पुन्हा म्हटलं, "ते सगळं ठीक, पण थोडा तरी खाली घ्या." भांडायची सवयच लागली होती आपल्याला. खरं सांगू? मला त्या भांडणात मजा यायची. तुम्हालाही यायची, नाही म्हणू नका.

आता जे बोलायचं राहिलं ते बोलते. डाव्या दिव्याहून मोठं भांडण डाव्या सीटचं होतं, आणि ते आपण तिघांनी कधी तोंडानं भांडलंच नाही.

सुरुवातीला एकदा ह्यांना मी नागापूरला सोडायला गेले होते. स्कूटर बिघडली होती. कारखान्याच्या फाटकाशी चार जण चहा पीत उभे. त्यातला एक म्हणाला, "काय विजयराव, ड्रायव्हर ठेवली का? पगार कोन कुनाला देतं?" सगळे हसले. हेही हसले. पण त्या दिवसानंतर तुमचे चिरंजीव माझ्या शेजारी कधी बसले नाहीत. कुठंही जायचं असो, स्कूटर काढायची. रविवारी उपासनेला जाताना आपली वरात बघण्यासारखी असायची. पुढे स्कूटरवर हे, मागे फियाट, स्टिअरिंगवर मी, आणि तुम्ही मागच्या सीटवर! मी कितीदा म्हटलं, "पप्पा, पुढे बसा, मला काय टॅक्सीवाली समजता का?" तुम्ही बायबल मांडीवर घेऊन म्हणायचा, "मागं ऐसपैस वाटतं." खोटं. फियाटच्या मागच्या सीटवर तुमचे गुडघे छातीला लागायचे. पुढची जागा तुम्ही राखून ठेवत होता. आठवड्यामागून आठवडे, मुकाट्यानं, आपल्या मुलासाठी. ते मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं, आणि तिघांपैकी कुणी काढत नव्हतं. कधी कधी तुम्ही अंगणाच्या फाटकाशी सहज म्हणायचा, "विजय, आज काष्टीच्या बाजाराला जाऊन येऊ का तिघं? सुमनला सुट्टी आहे." हे म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच." आले कधीच नाहीत.

मी त्यांना वाईट म्हणत नाही पप्पा. माणूस चांगला आहे. माझ्या डब्यात कोशिंबिरीचा वेगळा डबा तेच ठेवायचे, मला उशीर झाला तर मी येईपर्यंत ओट्यावरून उठायचे नाहीत. पण त्या फाटकावरच्या हसण्यानं त्यांच्या मनात काहीतरी अडकून बसलं होतं, आणि ते ना तुम्हाला काढता आलं ना मला.

आणि मग तो दिवस. आईंच्या शेजारी, पुणतांब्याला, असं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून नगरहून टेम्पो केला. हे टेम्पोत, तुमच्या पेटीला हात लावून. मागे मी गाडीत एकटी. तुम्हाला ठाऊक आहे, मी किती मेलेली माणसं बघितली आहेत. माझे डोळे सहज भरत नाहीत. पण राहुरीच्या पुढं टेम्पोच्या मागं चालवताना मला एकदम जाणवलं की ह्या वेळी तुम्ही पुढे आहात आणि मी मागे, आणि मी तुम्हाला काहीच ओरडून सांगू शकत नाही. मग मात्र रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली, डोळे पुसले, पुन्हा निघाले.

माती दिली. गावातले लोक पांगले. टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं, तो तिथूनच कोपरगावकडं गेला. हे आपल्या धुळीच्या बुटांकडे बघत गाडीजवळ आले. बाकी सगळे पाव्हणे बघत होते, तुमचे चुलतभाऊसुद्धा. ह्यांनी मागचं दार उघडलं. क्षणभर आत बघितलं, तुमच्या जागेकडे. तिथं तुमचा मफलर पडला होता, दवाखान्यात नेतानाचा. त्यांनी दार लावलं, पुढे आले, आणि माझ्या शेजारी बसले. डाव्या सीटवर. मी चावी फिरवली.

बाभळेश्वर गेलं आणि अंधारून आलं. उसाचा हंगाम, तुम्हाला माहितीय, त्या दिवसांत तो रस्ता कसा असतो. मी दिवे लावले. उजव्या बाजूनं ट्रकचे झोत डोळ्यांत घुसत होते. "समोरच्या दिव्यात बघायचं नाही, आपल्या कडेला बघायचं," तुम्ही माळावर शिकवलेलं. मी कडेला बघत होते. हेही तिकडेच बघत होते. डाव्या दिव्याचा तो दुधी उजेड बाभळींवरून, दगडांवरून सरकत होता. आणि त्या उजेडात माणसं होती पप्पा. डोक्यावर उसाचं हिरवं वाढं घेतलेल्या बाया. एक बाप, खांद्यावर पोर झोपलेलं. ऊसतोडणीची गाडी, मागं ना कंदील ना काही, नुसती बैलांची पावलं. मग एक म्हातारा माणूस, एकटा, धोतर, हातात पिशवी, अगदी कडेनं चाललेला. उजव्या दिव्यात तो नव्हता. फक्त डाव्यात होता. मी वेग कमी केला, त्याला लांबून वळसा घातला. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

ह्यांनी मान मागे वळवून त्या म्हाताऱ्याकडे बघितलं, दिसेनासा होईपर्यंत. मग समोर बघून म्हणाले, "पप्पा असेच चालायचे ना शाळेतून?" म्हणजे तुम्ही त्यांनाही सांगितलं होतं! मला वाटत होतं फक्त मला. मी "हो" म्हटलं. राहुरी आली तेव्हा ते म्हणाले, "सुमन, तो डावा दिवा खाली घेऊ नकोस."

मी आरशात बघितलं. मागची सीट रिकामी होती, ऐसपैस.

तर पप्पा, असं आहे. भांडण तुम्ही जिंकलंत, दोन्ही भांडणं जिंकलीत, आणि ते सांगायला तुम्हाला शोधायचं कुठं? काल चुलतभाऊ जाताना ह्यांना पुन्हा म्हणाले, "मग गाडीचं बघू का गिऱ्हाईक?" मी आतून कान देऊन ऐकत होते. हे म्हणाले, "नाही काका. सुमनला सोमवारपासून ड्युटी आहे."

आज शनिवार. मी रिठ्याचं पाणी कोमट करून आणलं, गोणपाट अंथरलं, डावी काच सोडवली. आतला वर्ख काही ठिकाणी पिवळा पडलाय, पण आहे. त्याला कुणी बोट लावलं नाही. तुमचे चिरंजीव न बोलावता येऊन शेजारी बसले, चष्मा कपाळावर, अगदी तुमच्यासारखा, आणि सायकलची ट्यूब घेऊन रबर कापायला लागले. वाकडं कापलंय पप्पा. चांगलं वाकडं. दमट हवा जाणारच त्यातून. बघत होते माझ्याकडे, मी काय म्हणते म्हणून.

मी "हं" म्हटलं.